माळ पडीक नाही, पडीक ठरवला आहे



कृषी महाविद्यालयात आम्ही चार वर्षे शिकलो. त्या चार वर्षांत गवताची आमची गाठ पडली ती 'तण नियंत्रण' या प्रकरणात. कुंदा कसा मारावा, हराळी कशी खणावी, लव्हाळ्यावर कोणते औषध मारावे, एवढे सगळे आम्हाला पाठ होते. माळावरचा मारवेल कोणता आणि शेडा कोणता, हे मात्र आम्हाला कोणी दाखवले नाही. ते आम्ही पदवी खुंटीला टांगून गावोगाव बैठका घ्यायला लागलो तेव्हा गुराख्यांकडून शिकलो. ज्या शास्त्राने ज्वारीवर जाडजाड पुस्तके लिहिली, त्याच शास्त्राच्या वर्गात ज्वारीच्या सख्ख्या भावंडांची ओळख तण म्हणून करून दिली गेली.

कारण ज्वारी हे गवतच आहे. बाजरी गवत आहे, ऊस गवत आहे. ज्वारीचे पान उन्हात ज्या रीतीने अन्न तयार करते, ती रीत 1966 साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी उसावर काम करताना उलगडून दाखवली. तिला 'सी-फोर' म्हणतात. या रीतीने चालणारे झाड कडक उन्हात, कमी पाण्यात जास्त पाला करते. आपला कापूस या रीतीचा नाही, तूरही नाही. ज्वारी आहे, आणि माळावरचे मारवेल, शेडा, पवना, कुसळी हेही आहेत. म्हणजे कोरडवाहू मुलखाच्या उन्हापावसाला सर्वांत जास्त मानवणारी वनस्पती कोणती, याचे उत्तर आपल्या पायाखाली होते आणि सरकारच्या कागदावर त्याच जमिनीला नाव होते 'पडीक'.

हा शब्द कुठून आला

पडीक म्हणजे काय? जिच्यातून काही येत नाही ती जमीन, असे आपण समजतो. पण इंग्रजांच्या महसूल मोजणीत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. फरक लक्षात घ्या. त्या जमिनीवर गावची गुरे जगत होती, धनगरांच्या मेंढ्या बसत होत्या, बैलांची जोडी पोसली जात होती. सरकारच्या तिजोरीत काही पडत नव्हते, एवढाच तिचा गुन्हा. पुढे 1878 च्या जंगल कायद्याने यातली बरीच जमीन जंगल खात्याकडे गेली. खात्याला लाकूड हवे होते, त्याच्या लेखी गवत म्हणजे झाड न उगवलेली जागा. उरली ती गावची गायराने, वऱ्हाडात आपण जिला ई-क्लास म्हणतो ती.

इंग्रज गेले, वही तीच राहिली. केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2019 साली निघाला. त्यात देशातली 5 कोटी 57 लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ 17 टक्के भूभाग, पडीक म्हणून दाखवला आहे. त्यात खडक आहे, खारवट आहे, वाळू आहे, आणि झुडपांचे माळही आहेत. म्हणजे ज्या माळावर आज सकाळी तुमची गाय चरून आली, तो दिल्लीच्या नकाशात कुणीतरी येऊन 'सुधारावा' अशी वाट बघत पडलेला आहे.

शास्त्र काय म्हणते

आता सरकारचेच शास्त्रज्ञ काय सांगतात ते ऐका. झाशीला 1962 साली भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून 1973 साली ग्रंथ काढला. त्यात दख्खनच्या पठारासकट सगळ्या द्वीपकल्पाचे गवताचे आवरण त्यांनी एका गटात घातले, आणि त्याला नाव दिले शेडा आणि मारवेल यांच्या शास्त्रीय कुळनावांवरून. आमच्या गुराख्याने बोट दाखवून सांगितलेली तीच दोन गवते! पण त्यांचेही मत असे होते की हे गवत म्हणजे जंगल तुटून उरलेली अवस्था, माणसाने चराई थांबवली की इथे पुन्हा जंगल येईल.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच मताला शास्त्रज्ञांनी आव्हान दिले आहे. 2011 मध्ये जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की आशियातली पुष्कळशी विरळ झाडांची 'जंगले' ही मुळात जंगले नाहीतच. जमिनीवर उन्हाची गवते आणि मधूनमधून उन्हाला हपापलेली झाडे, असा तो सवाना नावाचा वेगळा प्रकार आहे. त्याला सावली मारते, चराई आणि अधूनमधूनची आग मारत नाही. भारतीय उपखंडात सी-फोर गवते 60 ते 80 लाख वर्षांपूर्वी पसरली, असे शिवालिकच्या मातीत दडलेल्या पुराव्यांवरून दिसते. तेव्हा कुऱ्हाड नव्हती आणि माणूसही नव्हता.

आपल्या महाराष्ट्रापुरता पुरावा तर आपल्याच भाषेत सापडला. 2025 मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी कथा, ओव्या, चरित्रे तपासली, साडेसातशे वर्षे मागे जाईपर्यंत. त्यांत उल्लेख आलेली रानझाडे मोजली. बहुतेक झाडे उघड्या माळाची निघाली, दाट जंगलाची अगदी थोडी. धनगराच्या ओवीत जो माळ आहे तो कुणी जंगल तोडून उजाड केलेला माळ नव्हे. तो माळच होता.

मग खड्डे कशाला खणले

हे सगळे शास्त्र बाजूला ठेवून 2016 साली राज्यात वृक्षलागवडीची मोहीम निघाली. 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचे उद्दिष्ट. झाड लावायला आमचा विरोध नाही. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, शाळेपुढे लावा. पण उद्दिष्ट गाठायला जागा लागते आणि कागदावर रिकामी जागा म्हणजे माळ. मग मुरमाड माळावर खड्डे खणायचे, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावायची, भोवती तार मारायची आणि गुरांना बंदी करायची. झाड जगले तर गवत सावलीने जाते. झाड मेले, आणि पुष्कळदा मरतेच, तर खड्ड्याने गवताचे ठोंब उपटले गेलेले असतात, त्या जागी तरोटा माजतो. दोन्हीकडून गाय उपाशी.

ही चूक आपल्याच सरकारची नाही. 2019 मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात एका युरोपीय गटाने हिशेब मांडला की जगात 90 कोटी हेक्टरवर झाडे लावता येतील आणि 205 अब्ज टन कार्बन साठवता येईल. जगभर टाळ्या पडल्या. काही महिन्यांत त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा आकडा सुमारे पाचपट फुगलेला आहे, आणि फुगण्याचे एक मोठे कारण म्हणजे गवताळ माळ रिकामे धरले होते. गवताचे निम्म्याहून अधिक अंग जमिनीखाली असते. विमानातून ते दिसत नाही.

कच्छच्या बन्नी कुरणाची गोष्ट तर ताजी जखम आहे. 1960-61 च्या सुमारास खार वाढू नये म्हणून जंगल खात्याने तिथे वेडी बाभूळ पेरली. आज त्या कुरणाचा मोठा भाग बाभळीने गिळला आहे. बन्नीची म्हैस 2010 साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. ज्या गवतावर ती जात घडली ते गवत मात्र मालधाऱ्यांना बाभळीत शोधावे लागते.

गवत कसे जगते

सरकारला शिव्या देणे सोपे आहे. आपले गायरानही आपणच उघडेबोडके केले आहे, हेही कबूल करू या. पण ते चराईमुळे झाले, हे अर्धसत्य आहे. चराई चुकीच्या वेळी झाली, हे पूर्ण सत्य.

पहिला पाऊस पडला की गवत मुळातल्या शिल्लकीवर फुटते. शेतकऱ्याने उसनवारीवर पेरणी करावी तसे. पहिली दोन-चार पाने येताच जनावराने ती ओरबाडली तर कर्ज फिटत नाही, मूळ मरते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी 1955 मध्ये प्रयोग करून मोजले. गवताचा निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळाची वाढ चालू राहते. त्याहून जास्त काढला की थांबू लागते, आणि 80 टक्के काढला तर बारा दिवस मूळ वाढतच नाही. कोरडवाहू मुलखात बारा दिवसांचा खंड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सोपा नियम असा: वाढीच्या दिवसांत निम्मे जनावराला, निम्मे मुळीला.

हा नियम वर्षानुवर्षे मोडला की गवतांची पंगत बदलते. आधी शेडा जातो, मग मारवेल मागे हटतो, मग कुसळी माजते, आणि शेवटी वीतभरही न वाढणारी एक हंगामाची गवते उरतात. तुमच्या गायरानावर आज काय उगवते ते पाहा, म्हणजे ते कितव्या पायरीवर आहे हे कळेल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी गोष्ट कापणीची. आपण गवत करड होऊन वाळले की कापतो. फुलोऱ्यात असताना माळावरच्या चांगल्या गवतात सुमारे 6-7 टक्के प्रथिने असतात. पूर्ण वाळल्यावर ती 3 टक्क्यांच्या आसपास येतात. गंजी तेवढीच उंच दिसते, पण आतले अन्न निम्मे. ती तूट आपण सरकी ढेप विकत आणून भरून काढतो. कापूस आपण विकला तेव्हा सरकीचा भाव काय मिळाला आणि ढेप आणताना काय मोजला, हा हिशेब आपल्या बैठकीत अनेकदा झाला आहे.

तिसरी गोष्ट खताची आणि मिश्रणाची. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे 1856 पासून एकाच कुरणावर प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्याला काहीच घातले नाही तिथे आजही कितीतरी जातींची गवते-वनस्पती आहेत. जिथे अमोनियम सल्फेट घालत राहिले आणि चुना दिला नाही, तिथे जमीन आंबट होऊन दोन-तीन जाती उरल्या. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात टिलमन आणि डाउनिंग यांनी 1988 च्या दुष्काळात 207 तुकडे मोजले. अनेक जातींच्या तुकड्यांत उत्पादन निम्म्यावर आले. थोड्या जातींच्या तुकड्यांत ते आठव्या हिश्शावर किंवा त्याहून खाली कोसळले. आपल्या आज्या ज्वारीत तूर, मूग, अंबाडी का टाकत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आम्ही शिकून आलो तेव्हा त्यांना 'एकच पीक घ्या, उत्पन्न वाढेल' असे सांगत होतो. तेही कबूल करतो.

शास्त्रज्ञांतही भांडण आहे

काही मंडळी आता गावात येऊन सांगतात की कुरणाचे पंचवीस कप्पे करा, विजेची तार लावा, रोज कप्पा बदला, मग दुप्पट जनावरे चारा. हा विचार फ्रान्सच्या व्होआझँ यांचा, आणि आफ्रिकेतल्या झिंबाब्वेच्या सॅव्हरी यांनी तो कोरड्या मुलखात नेला. ऐकायला गोड आहे. पण 2008 मध्ये ब्रिस्के आणि सहकाऱ्यांनी जगभरचे जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा कप्पे बदलण्याचा असा सर्वत्र दिसणारा फायदा आढळला नाही. जनावरांची संख्या किती आणि पाऊस किती, यावरच बहुतेक निकाल ठरत होता. तेव्हा तार विकायला आलेल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. गवताला योग्य वेळी विसावा द्यायचा आहे. तो गावाने ठरवून एक राखणदार नेमला तरी मिळतो.

गाव ठरवू शकते का

1968 साली हार्डिन नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने लिहिले की सगळ्यांचे कुरण म्हणजे कुणाचेच नाही, जो तो एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण मरणार. तोडगा म्हणून एक तर सरकारने ताबा घ्यावा किंवा खाजगी मालकाने. आपल्या अधिकाऱ्यांना हे फार आवडले. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची गावे अभ्यासून 1990 मध्ये दाखवले की जिथे हद्द ठरलेली आहे, नियम गावाने स्वतः केले आहेत, राखण गावाची आहे आणि मोडणाऱ्याला लहानसा का होईना दंड आहे, तिथे सामाईक कुरणे पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. त्यांना 2009 साली नोबेल मिळाले.

आपल्याकडे नरपत जोधा यांनी महाराष्ट्रासह सात कोरडवाहू राज्यांतली 80 हून अधिक गावे अभ्यासून 1986 मध्ये सांगितले की पन्नासच्या दशकापासून तीस वर्षांत गावांची सामाईक जमीन सुमारे एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटली, आणि त्याचा मार सर्वांत जास्त गरिबाला बसला. ज्याची दोन एकर आहेत आणि दावणीला एक शेळी आहे, त्याची शेळी गायरानावरच जगते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. गायरानावर वर्षानुवर्षे पोट भरणाऱ्या भूमिहीनाला हुसकावा, असे आम्ही म्हणत नाही. जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा 1991 चा सरकारी निर्णय आहे, तो पाळावा. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले, त्या निकालातही भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. आमचे भांडण आहे ते मोठ्या हातांशी. आज सौर कृषी वाहिनीसाठी सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत. दिवसा वीज मिळावी ही आपलीच जुनी मागणी. पण खरोखर उघडा खडक असेल तिथे पत्रे बसवा. चांगल्या गवताचा माळ घ्यायचा असेल तर ग्रामसभेपुढे या आणि वैरणीचा मोबदला आधी ठरवा.

आणि नान्नज विसरू नका. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शेते आली, शहरेही आली. जमीन विकायची तर परवानगी, विहीर खणायची तर विचारणा. तीस-बत्तीस वर्षांनी ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणले. शेतकऱ्याने एवढे सोसून माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ गेला. कारण पक्ष्याला हवे होते मोकळे गवत. कायद्याने शेतकऱ्याला बांधले, गवत कुणी राखले नाही. गवत राखायचे तर ज्याची गाय त्या गवतावर जगते त्याच्याशी करार करावा लागतो.

हिशेब आणि कामाला लागणे

एका बैलजोडीला दिवसाला सुमारे 15 किलो कोरडी वैरण लागते. चार महिन्यांची झाली 1,800 किलो. मोडलेल्या गायरानावर हेक्टरी एक टनही गवत निघत नाही. विसावा दिलेल्या शेडा-मारवेलच्या माळावर दोन ते तीन टन निघू शकते. निम्मे मुळीला सोडून आपण दीड टनच धरू. म्हणजे हेक्टरी अर्धा टन जास्त. गावचे गायरान 60 हेक्टर असेल तर 30 टन. 16 जोड्यांची चार महिन्यांची वैरण. फार नाही. पण तुमच्या तालुक्यातला कडब्याचा भाव त्याला लावा आणि आकडा स्वतः काढा. ज्वारीला भाव नाही म्हणून ज्वारीचा पेरा गेला, पेरा गेला म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल गेला. आणि 2015 च्या कायद्याने म्हातारा बैल कापायला विकण्याचीही बंदी केली. दावणीला बांधून ठेवा म्हणणाऱ्यांनी वैरण कुठून आणायची ते सांगितले नाही. 2018-19 सारखा दुष्काळ आला की छावण्यांवर पैसा ओततात. त्यातला थोडा पैसा चांगल्या वर्षात गवताच्या बियाण्यावर घातला असता तर?

म्हणून या मृगाच्या आधी प्रत्येक गावाने एवढे करावे. गायरानाचा सातबारा काढा आणि जागेवर जाऊन हद्द पाहा. तीन भाग पाडा. पहिला भाग पूर्ण पावसाळा बंद, बी पडल्यावर कापायचा. दुसरा ऑगस्टअखेर बंद, फुलोऱ्यात कापून वाळवायचा. तिसऱ्यात गवत वीतभर झाल्यावरच गुरे सोडायची. दर वर्षी भाग बदलायचे. जून-जुलैची नड मोठी असते हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोन महिन्यांसाठी गंजीतला शेवटचा थर राखून ठेवा आणि बांधावरचे गवत तणनाशकाने जाळू नका. ग्रामसभेचा ठराव करा की गवताच्या माळावर झाडांचे खड्डे खणायचे नाहीत. नियम ठरवताना गुराखी, धनगर आणि शेळीवाल्या बायांना बैठकीत बसवा. कुठे काय उगवते ते त्यांनाच माहीत आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गायरानाचा सातबारा आणि माळावरच्या पाच गवतांच्या पेंढ्या, गावातल्या नावांसह, घेऊन याव्यात. शेडा आणि मारवेलचे बी कोणत्या गावात उरले आहे हे आधी आपल्यालाच कळले पाहिजे. ज्या गावात उरले असेल, त्या गावाकडून बाकीच्यांनी ते योग्य भावाने विकत घ्यावे. फुकट मागू नये. गवतालाही भाव असतो, ही सुरुवात आपण आपल्यापासून करू.